४.८ मोठे की ४.६३?

४.८ आणि ४.६३ यांतली मोठी संख्या कोणती, असे पाचवी-सहावीच्या वर्गात विचारले तर बरीच मुले ४.६३ सांगतात. का, म्हटले तर उत्तर तयार असते: ८ पेक्षा ६३ मोठे. हे उत्तर दुर्लक्षातून आलेले नसते. पूर्ण संख्या शिकताना ‘जास्त अंक म्हणजे मोठी संख्या’ या नियमाने मुलांना चार-पाच वर्षांत एकदाही दगा दिलेला नसतो. तोच नियम ती दशांश चिन्हाच्या पलीकडे नेतात.

काही मुले नेमकी उलट वागतात. ५.७३६ आणि ५.६२ यांत ती ५.६२ ला मोठे ठरवतात. शतांशापेक्षा सहस्रांश लहान असतो हे त्यांनी नीट ऐकलेले असते. त्यावरून ‘जिच्यात सहस्रांश आले ती संख्या लहान’ असा अर्थ त्यांनी काढलेला असतो. ही मुले ४.८ आणि ४.६३ ची जोडी अचूक सोडवतात, आणि पहिल्या गटातली मुले ५.७३६ ची जोडी अचूक सोडवतात. म्हणजे प्रश्नपत्रिकेत एकाच प्रकारच्या जोड्या असतील, तर मुळात चुकीचा विचार करणाऱ्या मुलालाही पैकीच्या पैकी गुण मिळू शकतात. मेलबर्न विद्यापीठातल्या के स्टेसी आणि विकी स्टाइनल यांनी तुलनेची चाचणी रचली ती हेच ध्यानात घेऊन. उत्तरे किती चुकली यापेक्षा कोणत्या प्रकारची चुकली, हे त्यात पाहतात.

अशी छोटी चाचणी कोणत्याही शिक्षकाला फळ्यावर घेता येते. वरच्या दोन जोड्यांना आणखी काही जोडाव्यात. ४.७ आणि ४.०८ ही जोडी मधल्या शून्याची समज दाखवते. ४.४५ आणि ४.४५०२ सारख्याच आहेत असे म्हणणारे मूल दशांश संख्येकडे रुपये-पैसे म्हणून पाहत असते. दोन अंकांनंतर काही असू शकते हे त्याच्या हिशेबातच नसते. ० आणि ०.६ ही जोडी फार सोपी वाटते, पण ‘पॉइंटवाली संख्या शून्याच्याही खाली’ असे समजणारी मुले इथे सापडतात. शेवटी ०.५ आणि ०.५० द्यावी आणि ‘दोन्ही समान’ हा पर्याय ठेवावा.

या सगळ्या चुकांच्या मुळाशी एकच समज आहे: दशांश चिन्ह म्हणजे भिंत, डावीकडे एक संख्या आणि उजवीकडे दुसरी. वास्तविक संख्या एकच असते. शतकाचा दहावा भाग दशक, दशकाचा दहावा भाग एकक, हीच पायरी पुढे उतरत गेली की दशांश, शतांश, सहस्रांश मिळतात. एककाचे घर कोणते एवढेच चिन्ह सांगते. ही मांडणी चिन्हाभोवती सममित नसते, एककाभोवती असते: एककाच्या डावीकडे दशक, उजवीकडे दशांश, त्यापुढे डावीकडे शतक, उजवीकडे शतांश. हे न सांगितल्यामुळे ‘दशकाचा दशांश, शतकाचा शतांश, मग एककाचा जोडीदार कुठे?’ हा प्रश्न मुलांना पडतो. प्रश्न अगदी रास्त आहे. फळ्यावर एककाचे घर वेगळ्या रंगाने रंगवले तर तो आपोआप सुटतो.

पुस्तके बहुधा रुपये-पैशांपासून सुरुवात करतात. १ एप्रिल १९५७ रोजी भारतात रुपयाचे १०० नवे पैसे झाले. त्याआधी रुपया म्हणजे १६ आणे, ६४ पैसे किंवा १९२ पै होते, त्यामुळे दशांश पद्धत शिकवायला नवे नाणे सोयीचे ठरले. पण आज ती सोय उरलेली नाही. २५ पैसे आणि त्याखालची नाणी २०११ च्या जूनअखेर चलनातून गेली, आणि पन्नास पैशांचे नाणे मुलांच्या हाती क्वचितच येते. शिवाय पैशांत नेहमी दोनच अंक लिहितात. त्यामुळे ५.५० म्हणजे ‘पाच रुपये आणि पन्नास पैसे’ अशी दोन एककांची जोडी मनात बसते, आणि पुढे २.५ मीटर म्हणजे २ मीटर ५ सेंटिमीटर असे मूल लिहिते. बेरीज-वजाबाकीच्या सरावाला पैसे चांगले. संकल्पना रुजवायला नकोत.

ठिपका दिसला की दशांश, हा समजही आजूबाजूचे जगच देते. क्रिकेटच्या धावफलकावर ४.३ षटके म्हणजे ४ षटके आणि ३ चेंडू. तिथे ४.३ आणि २.४ यांची बेरीज ७.१ होते, कारण षटक सहा चेंडूंचे असते. पाच षटकांचे निम्मे फलकावर २.३ दिसते, दशांशात ते २.५ असते. घड्याळातले साडेपाच आपण ५.३० लिहितो, वजनातले साडेपाच किलो ५.५. हे विषय टाळू नयेत, उलट मुद्दाम वर्गात आणावेत. इथला ठिपका काय सांगतो आणि दशांश चिन्ह काय सांगते, यावर पाचवीतली मुले फार चांगली चर्चा करतात.

साधन कोणते वापरावे? एकक-दशक-शतकाचे लाकडी ठोकळे शाळेत असतात आणि शिक्षकांचा कल त्यांच्याकडेच जातो. ‘आता मोठी पाटी म्हणजे १, दांडी म्हणजे दशांश, छोटा ठोकळा म्हणजे शतांश’ असे सांगितले जाते. पण त्याच छोट्या ठोकळ्याला मुलांनी तीन वर्षे ‘एक’ म्हटलेले असते. स्टेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ठोकळे आणि लांबीचे साधन यांची तुलना प्रसिद्ध केली, तीत लांबीचे साधन अधिक उपयोगी ठरले. लांबी डोळ्यांना थेट दिसते आणि तिला आधीचे नाव चिकटलेले नसते.

हे साधन घरी बनते. वायरिंगचा पीव्हीसी पाइप घेऊन त्याचा १ मीटरचा तुकडा कापावा, हा ‘एक’. दहा-दहा सेंटिमीटरचे दहा तुकडे म्हणजे दशांश. जाड स्ट्रॉचे एकेक सेंटिमीटरचे तुकडे म्हणजे शतांश, आणि १ मिलिमीटर जाडीचे वॉशर म्हणजे सहस्रांश. मीटरभर पाइपावर एकदम नऊ खुणा करून कापत गेलात तर करवतीचे पाते प्रत्येक कापात साधारण मिलिमीटरभर खाते, आणि दहा तुकडे जोडल्यावर ते एककापेक्षा जवळजवळ सेंटिमीटरने आखूड भरतात. मग ‘दहा दशांश म्हणजे एक’ हे दाखवतानाच घोटाळा होतो. म्हणून दशांशाचे तुकडे लांब पाइपातून काढावेत आणि प्रत्येक काप झाल्यावर पुढचे १० सेंटिमीटर नव्याने मोजावेत.

वापरताना एक पथ्य कसोशीने पाळावे: सेंटिमीटर हा शब्द उच्चारायचा नाही. ‘०.३५ म्हणजे ३५ सेंटिमीटर’ असे एकदा ऐकले की मूल पुन्हा पूर्ण संख्येकडे पळते. लांब पाइप ‘एक’ आहे, बाकी सगळे त्याचे भाग. आधी ०.३ आणि ०.१२ जमिनीवर शेजारी मांडायला सांगावे. तीन लांब तुकड्यांसमोर एक लांब आणि दोन चिमुकले पाहिल्यावर ‘१२ मोठे’ म्हणणारे मूल स्वतःच थांबते. मग ०.३ आणि ०.४ यांच्या मध्ये बसणारी संख्या विचारावी. ‘काहीच नाही’ हे नेहमीचे उत्तर. स्ट्रॉचे तुकडे हातात असले की ०.३१ ते ०.३९ सापडतात, आणि वॉशर दिले की ०.३१ आणि ०.३२ च्या मधलेही.

वाचनाची सवय याच वेळी लावावी. ३.४५ ला ‘तीन पॉइंट पंचेचाळीस’ म्हटले की उजवीकडे स्वतंत्र संख्या उभी राहते. ‘तीन दशांश चिन्ह चार पाच’ किंवा ‘तीन एकक, चार दशांश, पाच शतांश’ असे वाचावे; सुरुवातीला दुसरे बरे. मराठी घरातल्या मुलांच्या कानावर पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आधीपासून असतात, ते भांडवल वाया घालवू नये. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा पावाला ०.२५०, पाऊणला ०.७५०, सव्वाला १.२५० दाखवतो. पाव म्हणजे चारातला एक, म्हणून ०.४ किंवा १.४ असे लिहिणारी मुले असतात. काट्यावरचा आकडा आणि पाइपाचे तुकडे एकत्र दाखवले की ती चूक निघते. ५० ग्रॅमला काटा ०.०५० दाखवतो, ०.५० नाही, हेही तिथेच लक्षात आणून द्यावे.

तुलनेसाठी ‘शून्ये लावून अंक सारखे करा’ ही युक्ती फार वापरली जाते. ४.८ चे ४.८० केले की ८० विरुद्ध ६३, उत्तर बरोबर. पण मूल तेव्हाही पूर्ण संख्यांचीच तुलना करत असते. ८ दशांश म्हणजेच ८० शतांश हे तुकडे मांडून पटलेले असेल तरच ही युक्ती शिकवावी, आधी नाही.

बेरजेत सर्वात जास्त दिसणारी चूक उजव्या कडेने मांडणीची आहे. २.५ + ०.३७ मध्ये ५ खाली ७ आला की दशांशात शतांश मिसळतात आणि उत्तर ६.२ किंवा ०.६२ येते. ‘चिन्हाखाली चिन्ह’ हा नियम कामाचा आहे, पण दशांश दशांशातच मिळवता येतात, हे त्याचे कारण आधी यायला हवे. चौकटीच्या वहीत एका चौकटीत एक अंक लिहिला तर निम्मे काम होते. दुसरी चूक ०.८ + ०.७ = ०.१५. इथे हातचा भिंत ओलांडत नाही. पंधरा दशांश तुकडे मांडून त्यांतल्या दहांच्या बदली एक लांब पाइप घ्यायला लावावा, १.५ समोर दिसते.

वजाबाकीत ५ − ०.३७ हे उदाहरण खरी परीक्षा घेते. ३ आणि ७ च्या वर काहीच नाही, म्हणून मुले ते तसेच खाली उतरवून ५.३७ लिहितात. वजाबाकीचे उत्तर मूळ ५ पेक्षा मोठे आले हे त्यांना खटकत नाही. इथे ५ सुटे करावेत: ४ एकक, ९ दशांश, १० शतांश. मग उत्तर ४.६३.

गुणाकारात ‘दहाने गुणले की शून्य लावा’ हा जुना नियम आडवा येतो आणि २.५ × १० = २.५० होते. पुठ्ठ्यावर शतक ते सहस्रांश अशी दोन-दोन सेंटिमीटर रुंद घरे आखून एककानंतर ठळक ठिपका द्यावा. खाली दोन चिरा पाडून अंक लिहिलेली कागदी पट्टी त्यांतून सरकवावी. दहाने गुणले की अंक एक घर डावीकडे, दहाने भागले की एक घर उजवीकडे. ठिपका जागचा हलत नाही. ‘चिन्ह सरकवा’ असे शिकवण्यापेक्षा हे खूप बरे, कारण प्रत्येक अंकाची किंमत दहापट झाली हेच प्रत्यक्षात घडलेले असते.

०.३ × ०.२ चे उत्तर ०.६ लिहिले जाते. आलेख कागदावर १० बाय १० चा चौकोन ‘एक’ मानून तीन उभ्या आणि दोन आडव्या पट्ट्या रंगवाव्यात. दोन्ही रंग पडलेली घरे सहा, शंभरापैकी सहा, म्हणजे ०.०६. गुणाकाराने संख्या वाढते हा समजही याच चित्रात ढळतो. लेखी रीतीत २.५ × ०.४ जरूर द्यावे: २५ × ४ = १००, मूल शून्ये आधी खोडते, मग दोन घरे मोजते आणि ०.०१ लिहिते. आधी चिन्ह, मग शून्ये. अडीचच्या निम्म्याहून थोडे कमी म्हणजे एकाच्या आसपास, हा अंदाज आधी वहीत लिहिलेला असला तर ०.०१ टिकत नाही.

भागाकारात ४.२ ÷ ४ = १.५ ही चूक वर्षानुवर्षे दिसते. २ दशांशांचे चार भाग होत नाहीत, म्हणून दशांशाच्या घरात ० लिहायचा आणि २० शतांशांचे भाग करायचे, उत्तर १.०५. ताळा लगेच घ्यावा: १.५ × ४ = ६. भाजक दशांशात असेल तर वाटणीची भाषा सोडावी, कारण पाव जणांत काही वाटता येत नाही. साडेसात किलो साखरेच्या पाव-पाव किलोच्या किती पुड्या होतील, असे विचारावे. ७.५ ÷ ०.२५ चे उत्तर ३० येते आणि भागाकार करूनही संख्या का वाढली हे सांगावे लागत नाही. त्यानंतर दोन्ही संख्यांना १०० ने गुणून ७५० ÷ २५ करण्याची रीत दाखवावी. ग्रॅममध्ये ७५०० ÷ २५० मांडले तरी पुड्या तेवढ्याच.

प्रकरण संपल्यावर तीन-चार महिन्यांनी सुरुवातीच्या जोड्या नव्या आकड्यांनी पुन्हा द्याव्यात. दरम्यान आलेल्या पूर्ण संख्यांच्या सरावाने जुना समज परत येतो, आणि ज्यांनी केवळ शून्ये लावण्याची युक्ती पाठ केली होती त्यांची युक्तीही तोवर पुसट झालेली असते. अशा मुलांना आणखी उदाहरणे देऊ नयेत. पाइपाचे तुकडे पुन्हा बाहेर काढावेत.