जिथं बायका फिरकतच नाहीत तो रस्ता सेफ कसा?

एखाद्या रस्त्यावर वर्षभरात छेडछाडीची एकही तक्रार नाही, म्हणजे रस्ता सेफ, असं कागदावर अगदी सहज ठरून जातं. पण अंधार पडल्यावर तिथून एकही बाई जातच नसेल तर तक्रार करणार कोण? धोका मोजायचा तर दोन आकडे लागतात, किती घटना घडल्या हा एक आणि किती जणी तिथून गेल्या हा दुसरा, आणि दुसरा आकडा बहुतेक शहरांकडे नसतोच. त्यामुळे ज्या रस्त्याला घाबरून बायका लांबचा वळसा घालून जातात तोच रस्ता रिपोर्टमध्ये सगळ्यात छान दिसतो. मला वाटतं शहरांच्या डिझाइनमधला निम्मा घोळ या असल्या मोजमापाचा आहे, कुणाच्या मनात वाईट असतं असं नाही, पण जे मोजलंच नाही ते बांधलं जात नाही.

प्रवासाचंच घ्या. ट्रॅफिकची सगळी गणितं बरीच वर्षं एका ठरावीक माणसाभोवती फिरत आली, सकाळी घरून ऑफिस, संध्याकाळी ऑफिसहून घर, बास. बायकांचा प्रवास पुष्कळदा असा सरळ नसतो. मुलाला शाळेत सोडायचं, मग कामावर, येताना औषधं, भाजी, सासऱ्यांचा रिपोर्ट, म्हणजे छोटे छोटे पाच तुकडे, त्यातले काही पायी, काही बसने, हातात पिशव्या आणि शेजारी लहान मूल. सर्व्हेमध्ये हे तुकडे खरेदी, सोबत, इतर अशा वेगवेगळ्या रकान्यांत विखुरले जातात आणि मग प्रत्येक रकाना किरकोळ दिसतो. स्पेनच्या नियोजनतज्ज्ञ इनेस सांचेस दे मदारियागा यांनी सांगितलं की हे सगळे एकत्र धरा, हा काळजीवाहू प्रवास आहे, म्हणजे घरच्यांची काळजी घेण्यासाठी केलेला. तसं धरलं की त्याचा आकडा कामावर जाण्याच्या प्रवासापेक्षा फार मागे राहत नाही. पण पुष्कळ ठिकाणी बसचे रूट शहराच्या मध्याकडे धावणारे, फेऱ्या सकाळ-संध्याकाळच्या गर्दीला भरपूर आणि दुपारी मोजक्या, आणि प्रत्येक बस बदलली की नवीन तिकीट, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी फिरणारीला तेवढ्याच अंतराला जास्त पैसे!

स्वीडनमधलं कार्लस्कोगा हे छोटं शहर. तिथं बर्फ पडला की आधी मोठे रस्ते साफ व्हायचे, मग बाकीचे, फूटपाथ आणि सायकलचे रस्ते शेवटी. वर्षानुवर्षं असंच चालू, कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मग लक्षात आलं की गाड्यांत पुरुष जास्त आणि पायी किंवा सायकलवर बायका जास्त, आणि थोड्या बर्फातून गाडी निघून जाते पण बाबागाडी निघत नाही. शिवाय घसरून पडून हॉस्पिटलात येणाऱ्यांत पायी चालणारे खूप. मग क्रम फिरवला, आधी फूटपाथ, शाळा-पाळणाघरांचे रस्ते, नंतर मोठे रस्ते. माणसं तीच, मशीनही तीच.

व्हिएन्नाने हे काम जास्त पद्धतशीर केलं. १९९१ मध्ये तिथं एक फोटो प्रदर्शन भरलं, शहरात बायकांचा रोजचा दिवस कसा जातो यावर, आणि ते उभं करणाऱ्यांमध्ये एव्हा काइल होत्या, ज्या पुढे शहराच्या नियोजनात हेच काम वर्षानुवर्षं करत राहिल्या. १९९० च्या दशकात तिथं पाहणी झाली की बागांमध्ये साधारण ९-१० वर्षांनंतर मुली दिसेनाशा होतात, मुलगे मात्र तिथंच. मुलींना खेळायचं नसतं म्हणून नाही, तर एकच मोठं जाळीबंद मैदान, त्याला एकच दार, आणि आत आधीपासून मुलग्यांचा कब्जा, मग कोण भांडत बसणार. १९९९ मध्ये दोन बागा बदलून बघितल्या. जास्त दारं, मोठ्या जागेचे छोटे भाग, बॅडमिंटन-व्हॉलीबॉलची सोय, बरे रस्ते आणि दिवे. मुली परत आल्या. कुठलंही 'मुलींसाठी राखीव' असं बोर्ड न लावता आल्या, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता दिवे. सेफ्टीचा विषय निघाला की पहिली मागणी हीच असते, आणि ती बरोबरच आहे. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वसाहतींत नीट प्रयोग झाला, चिठ्ठ्या टाकल्यासारख्या काही वसाहती निवडून तिथं जादा दिवे लावले, आणि तिथं रात्री घराबाहेर घडणारे गंभीर गुन्हे साधारण ३६ टक्क्यांनी कमी झाले. पण दिवा लावला म्हणजे काम झालं असं नाही हो. एक म्हणजे डोळा भोवतालच्या सगळ्यात उजेडी गोष्टीशी जुळवून घेतो, त्यामुळे एक झगझगीत खांब आणि पुढे वीस पावलं काळोख असेल तर तो काळोख आहे त्याहून जास्त काळा दिसतो, आणि अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्याला वीस-तीस मिनिटं लागतात, तेवढा वेळ चालताना कुठला मिळणार. म्हणजे उजेड किती यापेक्षा तो सारखा पसरलाय का हे जास्त महत्त्वाचं. दुसरं, रस्त्याचा उजेड लक्समध्ये मोजतात तो बहुतेक वेळा जमिनीवर पडणारा. गाडीवाल्याला खड्डा दिसायला तो ठीक, पण पायी जाणाऱ्या बाईला बघायचा असतो समोरून येणाऱ्याचा चेहरा आणि त्याचे हात, आणि चेहरा तर उभा असतो! त्यावर बाजूने उजेड पडावा लागतो, फार उंच खांबावरून थेट खाली पडला तर डोळ्यांच्या खोबणीत सावलीच. तिसरं रंग. जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांना रंग खरे दाखवण्याचे मार्क १०० पैकी २५ च्या आसपास, त्यात शर्ट निळा की काळा तेही सांगता येत नाही. चौथी गोष्ट एकदम साधी, झाड वाढून दिव्याच्या आड आलंय, ते कुणी छाटायचं.

उजेडाइतकंच महत्त्व पुढचं दिसण्याला आणि निसटायला वाट असण्याला. स्वीडनमधल्याच उमेओ शहरात रेल्वेखालून जाणारा पायी बोगदा २०१२ मध्ये नव्याने झाला, रुंद, कोपरे गोल केलेले म्हणजे वळणामागे कोण उभं आहे ते आधीच दिसतं, आणि बाहेर पडायला मध्येही वाट. कॅमेरे हवेत तर लावा, पण कॅमेरा नंतर पुरावा देतो, त्या क्षणी बाईला लागते पळायला जागा आणि हाकेला ओ देणारी माणसं. म्हणून रस्त्याकडे खिडक्या आणि दुकानं असणं उंच कंपाउंडच्या भिंतीपेक्षा कितीतरी बरं.

हे सगळं ऑफिसात बसून कळत नाही. टोरंटोत १९८९ मध्ये बायकांचं सेफ्टी ऑडिट सुरू झालं, बायकांनी स्वतः अंधारात फिरून कुठे दिसत नाही, कुठे अडकल्यासारखं होतं ते लिहायचं. भारतात २०१३ मध्ये आलेलं सेफ्टीपिन ॲप पण त्याच वाटेचं, उजेड, फूटपाथ, आजूबाजूची माणसं आणि त्यात बायका किती, असं सगळं ते मोजतं. तिथं तो हरवलेला दुसरा आकडा, किती जणी तिथून जातात तो, कुठेतरी हाती लागायला लागतो. मॉन्ट्रियलमध्ये तर १९९६ पासून रात्री बायकांना दोन स्टॉपच्या मध्ये घराजवळ बस थांबवून उतरता येतं. नवीन काही बांधावं लागलं नाही त्यासाठी.

शेवटी टॉयलेट, ज्याबद्दल बोलायला सगळे लाजतात. नकाशावर दोन सारख्या आकाराच्या खोल्या काढल्या की समान वाटतं, पण तेवढ्याच जागेत पुरुषांकडे उभ्या मुताऱ्यांमुळे जास्त जणांची सोय होते, आणि बायकांना वेळही जास्त लागतो, कपडे, पाळी, सोबत मूल. समजा पुरुषाला सरासरी ६० सेकंद आणि बाईला ९०. फरक दीडपटच ना? पण रांगेचं गणित सरळ वाढत नाही. एकच टॉयलेट, लोक कधीही येणारे, प्रत्येकाला लागणारा वेळही कमी-जास्त, असं साधं मॉडेल घेतलं आणि पुरुषांचं टॉयलेट ६० टक्के वेळ भरलेलं असेल तर सरासरी थांबणं दीड मिनिट. तितक्याच बायका आल्या तर त्यांचं ९० टक्के वेळ भरलेलं, आणि थांबणं साडेतेरा मिनिटं. वेळ दीडपट, रांग नऊपट! न्यूयॉर्कने २००५ मध्ये कायदा करून नव्या थिएटर-स्टेडियमसारख्या ठिकाणी बायकांसाठी दुप्पट सोय सक्तीची केली ती यामुळेच. आणि बाहेर सोय नाही म्हणून दिवसभर पाणीच न पिणाऱ्या, मग युरिन इन्फेक्शन घेऊन डॉक्टरकडे जाणाऱ्या बायका कुठल्याच ट्रॅफिक सर्व्हेत येत नाहीत. त्यामुळे संख्या वाढवताना वेळही बघा, निदान शेवटची बस सुटेपर्यंत तरी त्या दाराला कुलूप नको.