सोलर पॅनल धुताय, पण पाणी कुठलं घेताय?

पुण्याजवळच्या वाघोलीतली धूळ काय चीज आहे ते इथे राहणाऱ्यालाच माहीत. खडी क्रशर, डंपर, त्यात शेजारी नवीन बिल्डिंगचं काम, सकाळी गच्चीवर वाळत घातलेली चादर संध्याकाळी झटकली तरी खोकला येतो. अशा गच्चीवर आमची ५४० वॅटची ६ पॅनल, म्हणजे सव्वातीन किलोवॅट. फेब्रुवारीत अ‍ॅपवर रोज १४ युनिट दिसायचे तिथे साडेअकरा दिसायला लागले आणि ऊन तर कडक, मग मी बोअरच्या पाण्याची बादली, कपड्यांची पावडर आणि भांड्यांची हिरवी घासणी घेऊन दुपारी १ वाजता वर चढलो. सगळंच चुकलं.

आधी पाणी. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार असतात, बाथरूमच्या नळावर पांढरा थर धरतो ना, तेच. दुपारी पॅनलची काच ६० अंशांच्या आसपास तापलेली असते, पाणी बघता बघता उडून जातं आणि क्षार तिथेच बसतात. माझ्या पॅनलवर ओघळ वाळून असे पांढरे पट्टे पडले की लांबून वाटावं चुना लावलाय. धूळ पुसून जाते, हे पट्टे जात नाहीत. शेवटी पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी असं मिसळून कपडा भिजवून ठेवला, आम्लात ते क्षार विरघळतात, आणि मग साध्या पाण्याने धुतलं. शिवाय तापलेल्या काचेवर एकदम गार पाणी ओतलं तर काच तडकूही शकते, माझं नशीब चांगलं.

मग पाणी कुठलं? पावसाचं साठवलेलं असेल तर उत्तम. नाहीतर एसीच्या पाईपातून टपकतं ते! हवेतलीच वाफ थंड होऊन तयार झालेलं, त्यात क्षार जवळपास नसतातच. आमच्याकडे उन्हाळ्यात हवा कोरडी, त्यामुळे जपून जमवावं लागतं, मुंबई-कोकणातल्यांची मात्र चंगळ आहे. आणि कृपा करून आरओचं वाया जाणारं पाणी वापरू नका, काटकसर म्हणून ठीक वाटतं पण गाळलेले सगळे क्षार त्यातच असतात. बोअरचंच वापरायचं असेल तर ते काचेवर वाळू न देता रबरी वायपरने लगेच ओढून काढा, मग फारसं बिघडत नाही.

वेळ म्हणाल तर ऊन चढायच्या आत. पहाटेच्या दवाने धूळ आधीच मऊ झालेली असते. पण हेच दव नुसतं वाळू दिलं तर धुळीचा चिखल होऊन काचेला चिकटतो, आणि त्यात सिमेंटचे कण असले की विचारूच नका. म्हणून आधी पाणी शिंपडून पाच मिनिटं थांबायचं, मग लांब दांड्याच्या मऊ मॉपने वरून खाली. कोरडं घासायचं नाही. काचेवर प्रकाश परत फिरू नये म्हणून केसापेक्षा शेकडो पटीने पातळ असा एक लेप असतो, घासणीने तो जातो. पावडरचा साबण मागे चिकट थर ठेवतो आणि त्यावर धूळ आणखी बसते. ६ पॅनलला दोन बादल्या पुरतात.

आता गंमत म्हणजे सगळीकडे सारखी बसलेली धूळ तेवढी वाईट नाही, कबुतराची एक शीट जास्त त्रास देते. पॅनलमधले सेल, म्हणजे वीज तयार करणारे छोटे तुकडे, एकामागून एक जोडलेले असतात. स्लॅब टाकताना घमेली हातोहात पुढे जातात, एकाने हात आखडला की अख्खी रांग अडते, तसंच. झाकलेला सेल वीज पुढे जाऊ देत नाही, उलट बाकीच्यांच्या विजेने स्वतःच तापतो. पॅनलच्या मागे बहुतेक तीन बायपास डायोड असतात, ते वीज आडवाटेने नेतात, पण मग पॅनलचा तेवढा भाग फुकट जातो. शीट खरवडायची नाही, ओला कपडा टाकून ठेवायचा. खालच्या फ्रेमपाशी धुळीची पट्टी साचते तीही बघा, पाऊससुद्धा ती नीट काढत नाही.

धुण्याआधी इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची डीसी वीज घरातल्या एसी विजेत बदलणारं यंत्र, बंद करा. आधी घराकडच्या एसी विजेचा स्विच, मग पॅनलकडच्या डीसी विजेचा. पण बंद केला म्हणजे पॅनल मेलं असं नाही. उजेड आहे तोवर ६ पॅनलच्या ओळीत ३०० व्होल्टच्या आसपास डीसी असतो. काच तडकलेली किंवा वायर सोललेली दिसली तर पाणी लांब ठेवून आधी बसवणाऱ्याला फोन. जवळून लाईनची तार जात असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा दांडा नको. पॅनलवर पाय तर अजिबात नको, आतला सेल मिलिमीटरच्या पाचव्या भागाहूनही पातळ असतो, वरून काही दिसत नाही पण आत बारीक चिरा पडतात. आणि खरी भीती शॉकपेक्षा पडण्याची. आमचं स्ट्रक्चर आठ फूट उंच आहे, मी शिडीवर चढतच नाही, खालूनच लांब फायबरचा दांडा. पत्र्यावर पॅनल असतील तर स्वतः न चढता धुणाऱ्या माणसाला बोलवा.

धुतल्यावर फरक बघायचा तर आदल्या आणि दुसऱ्या दिवशीचे दुपारी १२ चे आकडे ताडून बघा, दोन्ही दिवस आकाश निरभ्र हवं. मला दिवसाचे १४ युनिट परत मिळाले. आता दिवाळीनंतर ते मेपर्यंत दर पंधरा दिवसांनी धुतो, पावसाळ्यात बादली खालीच असते.