मध्ययुगीन महाराष्ट्रातलं सामान्य माणसाचं जेवण

मध्ययुगीन म्हणजे इथे साधारण यादवांपासून, म्हणजे बाराव्या शतकाच्या शेवटापासून, सतराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतचा काळ धरलाय, आणि सामान्य माणूस म्हणजे कुणबी, माळी, धनगर, कोळी, बलुतेदार, थोडक्यात गावातली बहुतेक माणसं. यांच्या जेवणाबद्दल थेट कुणी लिहून ठेवलेलं नाही ही पहिली अडचण, कारण रेसिप्या लिहिल्या गेल्या त्या राजांच्या. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा बाराव्या शतकातला मानसोल्लास हा संस्कृत ग्रंथ बघितला तर त्यात मांडे आहेत, वडे आहेत, डोशासारखे प्रकार आहेत, मांसाचे तर ढीगभर पदार्थ आहेत, शेतातले उंदीर भाजून खायची कृतीसुद्धा आहे, पण कुणब्याच्या घरी रात्री चुलीवर काय शिजत होतं ते नाही. ते संतांच्या अभंगांतून, परदेशी प्रवाशांच्या नोंदींतून आणि आजही खेड्यात टिकून राहिलेल्या सवयींमधून गोळा करावं लागतं.

देशावरचं मुख्य अन्न ज्वारी आणि बाजरी. ज्वारीला जोंधळा म्हणायचे, अजूनही बरेच जण म्हणतात. दोन्ही धान्यं मूळची आफ्रिकेतली पण इथे येऊन हजारो वर्षं झालेली, त्यामुळे मध्ययुगात ती पक्की घरचीच होती. डोंगराळ भागात नाचणी, वरी, कोद्रा, राळा, सावा, ज्यांना आता मिलेट म्हणून मॉलमध्ये महाग विकतात. गहू पिकायचा पण रोजच्या ताटात नव्हता, पोळी म्हणजे सणाची गोष्ट, आणि तांदूळ देशावर पाहुण्यांसाठी नाहीतर देवाच्या नैवेद्याला.

भाकरी सगळ्यांना माहीत आहे, पण धान्य कमी पडलं की भाकरी परवडत नाही, तेव्हा पातळ करून पोट भरायचं. ज्वारीच्या जाडसर भरडलेल्या कण्या ताकात शिजवायच्या, पीठ आंबवून आंबील करायची, हुलग्याचं माडगं करायचं, नाहीतर नुसत्या घुगऱ्या. एक शेर पिठाच्या भाकऱ्या चार माणसांना पुरतात आणि त्याच पिठाची आंबील आठ जणांच्या पोटात जाते, असा साधा हिशोब आहे हा. हुरडा मात्र मजेचा, ज्वारी कोवळी असताना शेतातच भाजून खायची, ती मजा तेव्हाचीच आहे.

या सगळ्यामागे बाईचे हात. पीठ टिकत नाही म्हणून रोज दळायचं, पहाटे कोंबडं आरवायच्या आधी जात्यावर बसायचं, भात असेल तर उखळात कांडायचा. सोमेश्वराने मानसोल्लासातच, पण गाण्याच्या संदर्भात, लिहून ठेवलंय की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. म्हणजे राजाने खेड्यातल्या स्वयंपाकातली गोष्ट टिपली तीही गाणं म्हणून! दळलेलं पीठ लाकडी काठवटीत मळायचं, भाकरी थापून खापराच्या तव्यावर टाकायची, वरून पाणी फिरवायचं, उलटायची आणि शेवटी निखाऱ्यापुढे उभी करून फुगवायची. भांडी बहुतेक मातीची, तांब्या-पितळेचं भांडं म्हणजे चैन.

भाकरीबरोबर काय, हा प्रश्न जास्त इंटरेस्टिंग आहे. डाळी आणि कडधान्यं भरपूर होती, तूर, हरभरा, मूग, उडीद, मटकी, कुळीथ, वाल. तेल तिळाचं, करडईचं, जवसाचं. गोड म्हणजे गूळ. ताक असायचं, तूप ज्याच्याकडे दुभतं जनावर त्याच्याकडेच, आणि तेही बऱ्याचदा विकायलाच. पालेभाज्या निम्म्या तर पेरायलाच लागत नाहीत, तांदुळजा, घोळ, टाकळा, कुर्डू पावसात बांधावर आपोआप येतात.

आता सावता माळ्यांचा अभंग घ्या. सोलापूरकडचं अरण हे त्यांचं गाव, समाधी 1295 ची. कांदा, मुळा, भाजी ही सगळी माझी विठाबाई असं ते म्हणतात आणि पुढच्या ओळीत लसूण, मिरची, कोथिंबीर येते. गडबड तिथेच आहे. मिरची ही अमेरिकेतली, पोर्तुगीज जहाजांबरोबर भारतात आली, आणि वास्को द गामा कालिकतला उतरला तोच 1498 मध्ये, म्हणजे सावता माळ्यांनंतर 200 वर्षांनी. मग तेराव्या शतकातल्या माळ्याच्या मळ्यात मिरची कशी? अभंग तोंडी चालत आला आणि गाणाऱ्यांनी मध्ये कधीतरी आपल्या मळ्यातली मिरची त्यात घातली, हे मला सगळ्यात सरळ वाटतं. कांदा, मुळा, लसूण, कोथिंबीर मात्र त्या काळातल्याच.

मिरची काढली की आपलं आजचं 'पारंपरिक' ताट बरंच रिकामं होतं. ठेचा गेला, तांबडा रस्सा गेला. शेंगदाणा, बटाटा, टोमॅटो, मका हेही अमेरिकेतलेच, म्हणून शेंगदाण्याचं कूट गेलं, बटाट्याची भाजी गेली. उपवासाच्या खिचडीत तर साबुदाणा, बटाटा, दाणे, मिरची सगळंच नंतरचं, आणि रताळंही. चहा तर अगदी अलीकडचा. तिखटपणा यायचा तो आलं, मिरी, पिंपळी आणि मोहरीमधून, आणि मिरी मलबारवरून विकत यायची म्हणजे गरिबाने बेतानेच वापरायची. आंबटाला चिंच, कैरी, ताक, कोकणात आमसूल.

कोकण आणि गोव्याचं गणित वेगळं. तिथे भात, पण गरिबाच्या घरी भातापेक्षा पेज जास्त, शिवाय नाचणी, नारळ, आणि किनाऱ्यावर मासळी. पावसाळ्यात समुद्र बंद म्हणून सुकट, बोंबील उन्हात वाळवून ठेवायचे. मीठही तिथलंच, मिठागरांमधून बैलांच्या पाठीवर घाट चढून देशावर यायचं, आणि गावात पिकत नाही आणि त्याशिवाय चालतही नाही अशा मोजक्या वस्तूंपैकी मीठ ही मोठी वस्तू.

प्रवाशांनी जे बघितलं ते थोडं जपून वाचायला लागतं. इब्न बतूता चौदाव्या शतकात नंदुरबारवरून गेला, त्याने लिहिलंय की मराठे भात, भाज्या आणि तिळाचं तेल खातात आणि जनावर मारणं त्यांना आवडत नाही. हे त्याने वरच्या वर्गाबद्दल लिहिलंय, कुणब्याला रोज भात कुठला. पंधराव्या शतकातला रशियन व्यापारी अफनासी निकितिन चौलला उतरून जुन्नरला पोचला आणि पावसात अडकून पडला. तो सांगतो की हिंदू लोक खिचडी, तूप, भाजीपाला खातात, उजव्या हाताने खातात, चमचा वापरत नाहीत आणि परक्या धर्माच्या माणसाने ताटाकडे बघू नये म्हणून झाकून खातात. जुन्नरला घोड्यांनाही खिचडी घालतात हे त्याने आवर्जून लिहिलंय, आणि तेव्हा कितीतरी माणसांना ती रोज मिळत नसणार.

मांस बहुतेक जाती खायच्या, पण रोज नाही, जत्रेला बोकड किंवा शिकारीत ससा-तितर मिळाला तर. मेलेलं जनावर ओढून न्यायचं काम महारांचं आणि त्याचं मांस हे त्यांच्या वाट्याचं अन्न. बलुत्याची पद्धत म्हणजे सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा मिळायचा, पण तोही जातीच्या पायरीप्रमाणे. मंगळवेढ्याचे महार संत चोखोबा चौदाव्या शतकातले, त्यांच्या जोहाराच्या (जोहार म्हणजे महारांनी करायचा नमस्कार) अभंगात ते देवाला सरळ सांगतात की फार भुकेलोय, तुमच्या उष्ट्यासाठी आलोय. याला नुसतं रूपक म्हणून सोडून देता येत नाही.

दुष्काळासाठी ज्वारी पेवात साठवायची. पेव म्हणजे जमिनीत खणलेला खड्डा, आतून लिंपून, कडबा लावून, धान्य भरून तोंड बंद. उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आतली हवा जीव घेते, आणि त्या ज्वारीला एक आंबूस वास लागतो जो सोलापूरकडच्या जुन्या माणसांना अजून आठवतो. मंगळवेढ्याचे दामाजीपंत, ज्यांनी बहामनी काळातल्या दुष्काळात सरकारी कोठारं लोकांना खुली केली अशी कथा आहे, ते याच ज्वारीच्या मुलखातले. लोकांच्या आठवणीत राहिलेला मोठा दुष्काळ म्हणजे दुर्गाडीचा, 1396 पासून बारा वर्षं चालला असं परंपरा सांगते.

1630 ते 1632 चा दुष्काळ गुजरात आणि दख्खन दोन्हीकडे पडला. शाहजहानच्या दरबारी इतिहासात लिहिलंय की बकऱ्याचं मांस म्हणून कुत्र्याचं मांस विकलं गेलं आणि मेलेल्यांची हाडं दळून पिठात मिसळली गेली. देहूत तुकारामांचं घर तर वाण्याचं, दुकानाचं, महाजनकीचं. त्या घरात एक बायको अन्न अन्न करत मेली, हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगितलंय.