घाम वाळायला हवा

एप्रिलच्या दुपारी तासगाव-कवठेमहांकाळच्या रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूंना बेदाण्याची शेड दिसतात. वर शेडनेट, खाली एकावर एक जाळ्या ताणलेल्या, त्यांवर द्राक्षं पसरलेली आणि आरपार वाहणारा कोरडा वारा. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. उरलेलं तीन किलो पाणी वारा घेऊन जातो. त्याच शेडमध्ये दिवसभर राबणाऱ्या बायकांच्या अंगावरचं पाणीही हाच वारा नेत असतो, आणि पारा चाळिशीला टेकलेला असताना त्या उभ्या राहू शकतात त्या केवळ या वाळण्याच्या जोरावर.

आपलं शरीर स्वतःच एक चूल आहे. नुसतं बसून राहिलं तरी ते जुन्या १०० वॅटच्या बल्बइतकी उष्णता तयार करतं. खोरं-पाटी चालवताना याच्या चार-पाच पट. ही उष्णता बाहेर गेलीच नाही, तर जड काम करणाऱ्याच्या अंगाचं तापमान दर दहा-बारा मिनिटांना एका अंशानं चढेल. शरीराला तर ३७ अंशांच्या आसपासच राहायचं असतं. त्यावर नजर ठेवतो मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस. अंग तापू लागलं की तो आधी कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैल करतो. एरवी कातडीकडे मिनिटाला अर्धा लिटरही रक्त जात नाही, कडक उन्हात ते सहा ते आठ लिटरपर्यंत वाढू शकतं. चेहरा लाल होतो तो यामुळेच. उन्हात बराच वेळ ताटकळत उभ्या राहिलेल्या माणसाला घेरी येते, त्याचंही कारण बहुधा हेच: रक्त कातडीत आणि पायांत उतरलेलं असतं, मेंदूला कमी पडतं.

पण कातडीचं तापमान ३५च्या आसपास, आणि हवा ४० अंश. उष्णता जास्तीकडून कमीकडे जाते, तेव्हा आता हवाच अंगाला तापवायला लागते. इथून पुढं हाताशी एकच उपाय राहतो, घाम. आपल्या कातडीत घामाच्या २० ते ४० लाख ग्रंथी आहेत. एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर अंगातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. तेवढ्या उष्णतेत नळाचं सात लिटर पाणी उकळीला येईल! मात्र अट एकच, घाम अंगावरच वाळला पाहिजे. कपाळावरून टपकून मातीत पडलेला थेंब शरीरातलं पाणी आणि मीठ घेऊन जातो, उष्णता मात्र इथंच ठेवून जातो.

लंडनमध्ये १७७५च्या सुमारास चार्ल्स ब्लॅग्डेन या डॉक्टरानं काही मित्रांसह एक धाडसी प्रयोग केला. कोरड्या हवेची खोली सुमारे १२७ अंशांपर्यंत तापवून ते काही मिनिटं आत थांबले. शेजारी ठेवलेली अंडी वीसेक मिनिटांत घट्ट शिजली. माणसं धडधाकट बाहेर आली. हवा कोरडी होती, म्हणून घाम झरझर वाळत होता.

याची उलट बाजू बघायला फार लांब जावं लागत नाही. पाटणवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला गेलं, की ३४ अंशांतही अंगाला शर्ट चिकटतो आणि जीव नकोसा होतो. हवेत आधीच वाफ भरलेली असते, घामाला वाळायला जागाच उरत नाही. माठातलं पाणी एप्रिलमध्ये गारेगार आणि जुलैत कोमट लागतं, ते याच कारणानं. थर्मामीटरच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळली की हा फरक आकड्यात मोजता येतो. ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ओला थर्मामीटर २२च्या आसपास थांबतो. ३४ अंश आणि ७० टक्क्यांना तो २९ दाखवतो. हा ओला आकडा ३५ झाला, तर सावलीत स्वस्थ बसलेला निरोगी माणूसही काही तासांपलीकडे तगत नाही, असं गणित सांगतं. तरुण, धडधाकट माणसांवर २०२२मध्ये झालेल्या प्रयोगांत तर दमट हवेत शरीराचा तोल ३१च्या आसपासच सुटू लागला.

उन्हाची सवय होते हे खरं, पण तिला एक-दोन आठवडे लागतात. रोज थोडं थोडं उन्हात काम केलं की घाम लवकर सुटतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. रक्तातला पाण्याचा अंशही वाढतो. म्हणून हंगामाला नव्यानं आलेल्या मजुराला पहिल्याच दिवशी पूर्ण काम लावू नये. मला सगळ्यात जास्त टोचते ती वेगळीच गोष्ट. रानात काम करणाऱ्या कितीतरी बायका आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. घामाला पाणी लागतं, ते रक्तातून येतं. शेडजवळ एक संडास बांधणं हा उष्माघातावरचा इलाज आहे, आणि मुकादमानं, मालकानं तो तसाच मानावा. मीठ घातलेलं ताक उत्तम, पण घोटभर साध्या पाण्यालासुद्धा मोकळीक हवी.

ऊन लागणं म्हणजे ताप नव्हे. तापात हायपोथॅलॅमस स्वतःच तापमानाची रेघ वर सरकवतो, म्हणून पॅरासिटामॉल लागू पडतं. उष्माघातात रेघ जागेवरच असते, शरीरच तिच्यापाशी राहू शकत नाही. इथं गोळी उपयोगाची नाही, आणि कांदा हुंगवूनही काही होत नाही. माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग भाजतंय असं लागलं, तर १०८ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत सावलीत नेऊन, कपडे सैल करून अंगावर सतत पाणी ओता, जोरानं वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. नुसता पंखा ४० अंशांत गरम हवाच फेकतो. ओल्या अंगावर मात्र तोच पंखा शेडमधल्या वाऱ्याचं काम करतो.

एप्रिल-मेच्या एखाद्या दुपारी पश्चिमेला वळवाचे ढग जमतात आणि वारा पडतो. शेडवाले धावत प्लास्टिकचे पडदे सोडायला लागतात, कारण दमट हवेत बेदाणा काळवंडतो. आत काम करणाऱ्या बायका तेव्हा दर दोन मिनिटांनी पदरानं मान पुसत असतात.