काउन्सेलिंग आणि पर्सनल कोचिंग

काउन्सेलिंग म्हणजे समुपदेशन आणि पर्सनल कोचिंग यात लोकांची गल्लत होते ते साहजिकच आहे, कारण बाहेरून दोन्ही सेमच दिसतं, दोन खुर्च्या, तासभर बोलणं, आणि समोरचा माणूस उत्तर द्यायचं सोडून प्रश्नच विचारत बसतो.

कोच हा शब्द मुळात घोडागाडीचा, हंगेरीतल्या कोच नावाच्या गावावरून आलेला. १९व्या शतकात ऑक्सफर्डची पोरं परीक्षेतून पार नेणाऱ्या ट्यूटरला गमतीत कोच म्हणायला लागली, मग तो शब्द खेळात गेला आणि तिथून ऑफिसात. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही कोच लोकांची संघटना १९९५ ची, म्हणजे धंदा तसा नवाच. काउन्सेलिंग जुनं, १९४० च्या दशकात कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पेशंटऐवजी क्लायंट म्हणायला सुरुवात केली आणि सल्ल्यापेक्षा ऐकून घेण्यावर भर दिला.

भूतकाळ उकरायचा तर काउन्सेलर, भविष्य घडवायचं तर कोच, असं सगळीकडे सांगतात पण ते अर्धंच खरं आहे, कारण सीबीटीसारखी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणारी) थेरपी तर बरीचशी आत्ताच्या विचारांवरच चालते. खरा फरक कुठे पडतो ते बघा. समजा कोणी म्हणालं, "सकाळी उठवतच नाही." कोच विचारेल, किती वाजता उठायचंय, आड काय येतं, उद्यापासून काय करणार? काउन्सेलर विचारेल, हे किती दिवसांपासून चाललंय, झोप लागते का, भूक कशी आहे, आवडीच्या गोष्टीत मन रमतं का, जीव नकोसा वाटतो का? दोन आठवडे किंवा जास्त रोजच असं असेल तर ते डिप्रेशन असू शकतं, आणि तिथे टार्गेट देणं म्हणजे पाय मोडलेल्याला पळायला लावणं, टार्गेट चुकलं की माणूस स्वतःलाच अजून नावं ठेवतो.

बऱ्याच देशांत काउन्सेलरला डिग्री, सीनिअरच्या देखरेखीखाली प्रॅक्टिस आणि लायसन्स लागतं. कोचला बहुतेक ठिकाणी कायद्याने काहीच लागत नाही, सर्टिफिकेट असतात पण ती ऐच्छिक, त्यामुळे बोर्ड कोणीही लावू शकतं. औषधं मात्र दोघंही सहसा देत नाहीत, ते सायकियाट्रिस्टचं काम.

नोकरी बदलायची, स्टेजवर बोलायची भीड घालवायची, यासाठी कोच मस्त. पॅनिक अटॅक, ट्रॉमा, व्यसन याला काउन्सेलर. चांगला कोच असं काही दिसलं की स्वतःच थांबतो आणि पुढे पाठवतो, आणि दोघांना एकमेकांचं माहीत असेल तर दोन्ही एकाच वेळीही चालू ठेवता येतं.