मागचा गिअर : खटका येण्याआधी आणि आल्यानंतर

सोलापुरात रोड बाईक चालवणाऱ्यांची मागच्या गिअरबद्दलची तक्रार साधारण एकाच तऱ्हेची असते. होटगी रस्त्याच्या सपाटीला गाडी गुपचूप पळते. तुळजापूरचा घाट लागला की चेन मोठ्या चक्रावर चढायला कुरकुरते, चढलीच तर जोर लावताना आपोआप एक घर खाली उतरते, नाहीतर दोन चक्रांच्या मधोमध कडकड वाजत राहते. दुकानात नेली की स्क्रू फिरवले जातात, चार दिवस बरं चालतं, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. एवढी महागाची गाडी आणि हा त्रास, त्यापेक्षा आजोबांची काळी सायकल बरी होती, असं कुणीतरी म्हणतंच. ते अगदीच खोटं नाही. त्या सायकलीत हा बिघाड होऊच शकत नव्हता. एवढंच काय, गिअरच्या पहिल्या ऐंशी-एक वर्षांतही तो आजच्या रूपात नव्हता. तो आला १९८४ मध्ये, गिअर बदलायच्या दांडीला ठरलेली घरं, म्हणजे खटका, मिळाला तेव्हा.

गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या सोलापुरात सायकल म्हणजे अठ्ठावीस इंची चाकं, भक्कम कॅरियर आणि एकच गिअर. शहर बऱ्यापैकी सपाट, कामाच्या जागा जवळ. दुसरा गिअर हवा कुणाला? त्यामुळे इथल्या मिस्त्र्यांचा हात बसला तो पंक्चरवर, चाकाची आउट काढण्यावर, फ्रीव्हीलच्या छर्ऱ्यांवर. डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग, त्यांच्यासमोर आला तो फार उशिरा, आणि इतका पुढे गेलेला की मधल्या पायऱ्या कुणी पाहिल्याच नाहीत. दोष शोधताना मात्र याच पायऱ्या कामाला येतात.

पहिली पायरी फ्रान्समधली. सेंत-एतियेन हे गाव कोळशाच्या खाणींसाठी आणि रेशमी फितींच्या विणकामासाठी नावाजलेलं. सोलापूरकराला तिथली हवा ओळखीची वाटली असती. तिथे रेशमाच्या धंद्यात असलेले पॉल द व्हिवी 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने सायकलवर लिहीत. डोंगराळ मुलखात सायकलला एकापेक्षा जास्त गिअर हवेत, हे त्यांनी १९३० मध्ये मरेपर्यंत लावून धरलं. समोर होते १९०३ मध्ये तूर द फ्रान्स ही सायकल शर्यत सुरू करणारे ऑंरी देग्रांज. शर्यत पायांच्या ताकदीची, यंत्राच्या युक्तीची नव्हे, असा त्यांचा बाणा. त्यामुळे स्पर्धकांच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी एकेक चक्र असायचं. चढ आला की खाली उतरायचं, चाक काढायचं, उलटं करून बसवायचं आणि पुन्हा स्वार व्हायचं. डिरेलरला तूरमध्ये मोकळीक मिळाली ती १९३७ मध्ये, आणि त्याच वर्षी रोजे लापेबी डिरेलर लावलेल्या सायकलवर जिंकले. हट्टापायी इतकी वर्षं वाया गेली, असं माझं मत.

इटलीतल्या विचेंझाच्या तुलिओ काम्पान्योलो यांचा 'काम्बियो कोर्सा' हा तर आज पाहिला तर अंगावर काटा येईल असा प्रकार. मागच्या चाकाच्या वर, फ्रेमच्या नळीला दोन दांड्या. चालत्या सायकलवर हात मागे न्यायचा, एका दांडीने मागच्या चाकाची पकड चक्क सैल करायची, पॅडल उलटं फिरवत दुसऱ्या दांडीने चेन बाजूच्या चक्रावर ढकलायची. चाक आपल्या खोबणीत मागेपुढे सरकून चेनचा ढिलेपणा खाऊन टाकी. मग पकड पुन्हा आवळायची. १९४८ ची तूर जीनो बार्ताली यांनी याच यंत्रणेवर जिंकली.

१९५० च्या सुमारास काम्पान्योलोचा 'ग्रान स्पोर्ट' आला. चार सांध्यांची चौकट, केबलने ओढली की चेन सरकवणारी पुली आत जाते, सोडली की स्प्रिंग तिला बाहेर आणते. आज तुमच्या गाडीवर जे लटकतंय त्याचा सांगाडा हाच. १९६४ मध्ये जपानच्या सनटूरने ही चौकट तिरकी केली, त्यामुळे पुली आत सरकताना खालीही उतरू लागली आणि लहानमोठ्या सगळ्या चक्रांपासून तिचं अंतर जवळपास सारखं राहू लागलं. एवढ्याशा तिरकेपणाने गिअर बदलणं कितीतरी सुधारलं.

पण या सगळ्या काळात शिफ्टर म्हणजे फ्रेमच्या खालच्या नळीवरची साधी घर्षणाची दांडी. तिला ठरलेली घरं नव्हती. चेन वाजली की स्वार दांडी केसभर मागेपुढे करी आणि आवाज थांबला की सोडून देई. केबल थोडी ताणली गेली, आउटरमध्ये, म्हणजे केबलच्या बाहेरच्या नळीत, धूळ बसली, डिरेलर जरा वाकला, तरी हात सगळं नकळत सांभाळून घ्यायचा. गिअरचं ट्यूनिंग दर वेळी नव्यानेच होत होतं.

खटक्याचे प्रयत्न आधी झाले होते. सत्तरच्या दशकात जपानच्याच शिमानोने 'पॉझिट्रॉन' काढला. तो स्वस्त सायकलींवर लागला आणि जाणत्या स्वारांनी त्याला खेळणं म्हणून बाजूला सारलं. शिमानोचा १९८४ चा ड्युरा-एस हा गिअरसंच मात्र शर्यतीसाठी बनवलेला होता. मागे सहा चक्रं आणि शिफ्टरमध्ये ठरलेली घरं: एक खटका, एक चक्र. सनटूरच्या तिरक्या चौकटीचं पेटंट नेमकं त्याच सुमारास संपलं, तेही शिमानोला वापरता आलं. पण खरी करामत अशी की शिफ्टर, केबल, आउटर, डिरेलर, चक्रं आणि चेन या सगळ्यांचा हिशोब एकत्र मांडला गेला. यंत्रमागावर कापड गुंडाळणाऱ्या रोलरला रॅचेट, म्हणजे दातेरी चाक, असते, त्याला अडवणारा खिळा (पॉल) दाताच्या खाचेत पडतो आणि कापड ठरल्या मापानेच पुढे सरकतं. शिफ्टरच्या आतला खटका हाच. माग चालवलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. खाच चुकली की कापडाची वीण बिघडते, हे त्याने पाहिलेलं असतं.

आता हात केसभर सरकवायची सोय गेली. केबलचा ताण बिघडला, की तेवढाच बिघाड प्रत्येक घरात. वर चक्रं वाढत गेली. आठ चक्रांच्या कॅसेटमध्ये (मागच्या चक्रांच्या संचात) एका चक्राच्या मध्यापासून दुसऱ्याचा मध्य ४.८ मिलिमीटर, नऊमध्ये ४.३५, दहामध्ये ३.९५, अकरामध्ये ३.७ च्या आसपास. रस्त्याच्या गाड्यांचा शिमानोचा जुना डिरेलर केबल जेवढी ओढाल त्याच्या साधारण १.७ पट सरकतो. म्हणजे दहा गिअरच्या गाडीत एका खटक्याला केबल जेमतेम २.३ मिलिमीटर हलते. त्यात अर्ध्या मिलिमीटरचा घोळ झाला तरी चेन शेजारच्या चक्राला घासायला लागते. ऑनलाइन मागवलेला एका कंपनीचा शिफ्टर आणि दुसरीचा डिरेलर जमत नाही तो याच हिशोबाने. स्क्रू कितीही फिरवा, दोन टोकांचे गिअर जुळतील आणि मधले वाजत राहतील.

हे एकदा कळलं की पहिला संशय स्क्रूंवर जात नाही. डिरेलरवरचे 'एच' आणि 'एल' हे दोन स्क्रू फक्त हद्द ठरवतात. चेन फ्रेमच्या बाजूला किंवा स्पोकमध्ये पडू नये एवढंच त्यांचं काम. मधल्या घरांशी त्यांचा संबंध नाही. चेन मोठ्या चक्रावर जायला कां-कू करत असेल तर केबल ढिली आहे: जिथे केबल डिरेलरमध्ये शिरते तिथला बॅरल, म्हणजे ताण बदलायचा गोल नट, मागून बघत घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवा, पॅडल मारून बघा, लागला तर आणखी पाव.

उलट दुखणं जास्त फसवं. मोठ्या चक्रावर चढताना तुमच्या अंगठ्याचा किंवा बोटाचा जोर केबल ओढतो. उतरताना मात्र एकटी स्प्रिंग काम करते. केबल आउटरमध्ये अडखळत असेल तर हात ते लपवतो, स्प्रिंगला लपवता येत नाही. म्हणून 'चढते छान, उतरायला वेळ लावते' असं ऐकलं की बॅरलला हात न लावता डिरेलरजवळचा आउटरचा शेवटचा वळसा काढावा. इकडच्या काळ्या मातीची बारीक धूळ तेलात कालवली जाऊन तिथेच चिखल होऊन बसते. केबल बाहेर ओढून दोन बोटांत सरकवली की खरखर लगेच हाताला लागते. नवी केबल आणि आउटरचा तेवढा तुकडा, इतक्यावर बऱ्याच गाड्या सुधारतात.

आउटर घेताना एक पाहावंच. ब्रेकच्या आउटरमध्ये तार वेटोळ्यासारखी गुंडाळलेली असते. वाकवली, दाबली की तिची लांबी थोडी बदलते. खटक्याच्या गिअरला ते चालत नाही, म्हणून गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीने सरळ जातात. घाईत ब्रेकचा तुकडा गिअरला लावला तर ट्यूनिंग कधीच टिकणार नाही. उलटं तर मुळीच करू नये: ब्रेकच्या जोराने गिअरचं आउटर फुटतं.

१९९० च्या सुमारास शिफ्टर ब्रेकच्या लिव्हरमध्येच गेला. हात हँडलवरून उचलायची गरज संपली, पण केबलला लिव्हरच्या आत आवळ वळण मिळालं. तिथे तिच्या तारा एकेक करून तुटतात, वरून काहीच दिसत नाही. रोज थोडं ट्यूनिंग सुटत असेल आणि बॅरल फिरवून फिरवून दमला असाल, तर लिव्हरचं रबर मागे सारून केबलचं डोकं पाहा. पूर्ण तुटली तर तुकडा आत अडकतो आणि तो काढता काढता दुपार जाते.

चेन झिजली तरी गिअर उड्या मारतो. बारा इंच मोजल्यावर पट्टीवर सोळांश इंच जास्त भरली तर चेन बदलावी. तशीच रेटली तर कॅसेटही जाते.

राहिला हँगर, म्हणजे डिरेलर ज्यावर लटकतो ती फ्रेमची छोटी कान. ॲल्युमिनियम आणि कार्बन फ्रेममध्ये ती मुद्दाम मऊ आणि बदलता येण्याजोगी ठेवतात, फ्रेमऐवजी तिनेच मार खावा म्हणून. गाडी उजव्या कुशीवर पडली, ट्रॅव्हल्सच्या डिकीत पिशव्यांखाली आली, की ती किंचित वाकते. डोळ्याला कळत नाही, दहा-अकरा चक्रांना मात्र कळतं. २००९ पासून केबलऐवजी मोटरवर चालणारे गिअर मिळतात, केबलचे सगळे रोग त्यांनी संपवले, पण बहुतेक गाड्यांवर हँगर आहे तिथेच आहे. सरळपणा तपासायचं गेज जवळ नसेल तर साध्या ॲक्सलचं दुसरं मागचं चाक मागून घ्या. अशा बऱ्याच ॲक्सलचे आटे १० मिलिमीटरचे, एक मिलिमीटर पिचचे असतात आणि हँगरचेही तेच. डिरेलर काढून ते चाक हँगरमध्ये हलक्या हाताने आटवा आणि दोन्ही चाकांच्या रिममधलं अंतर चार ठिकाणी पट्टीने मोजा. ते सगळीकडे सारखं भरलं पाहिजे. नसेल तर चाकालाच धरून हळूहळू सरळ करा, आणि आपल्या फ्रेमचा एक जादा हँगर घरात आणून ठेवा, कारण दोन-तीनदा वाकवलेला ॲल्युमिनियमचा तुकडा पुढच्या वेळी सरळ होण्याऐवजी मोडतो.