सावलीची कड बघा, दिवा कळेल

फोटोतला प्रकाश हार्ड आहे की सॉफ्ट, हे ओळखायला दिवा दिसायची गरज नसते. गालावर पडलेली नाकाची सावली बघा. कड सुरीने कापल्यासारखी असेल तर प्रकाश हार्ड. सावली हळूहळू उजेडात विरत गेली असेल तर सॉफ्ट. दिवा मंद केला की प्रकाश सॉफ्ट होतो, असा एक समज आहे. तसं होत नाही. फोटो काळपट येतो, कड तशीच राहते.

चेहऱ्याच्या जागेवरून दिवा केवढा दिसतो, यावर ही कड ठरते. सूर्याचा व्यास जवळपास 14 लाख किलोमीटर. पण तो 15 कोटी किलोमीटर लांब असल्याने आकाशात जेमतेम अर्धा अंश व्यापतो. म्हणून कडक उन्हातल्या सावल्या एवढ्या रेखीव. ढग दाटून आले की प्रकाश विखुरतो आणि अख्खं आकाशच दिवा होतं. मग नाकाने त्याचा थोडा भाग अडवला, तरी उरलेल्या भागाचा उजेड गालावर पोचतोच. अशी अर्धवट उजळलेली कड म्हणजेच ग्रहणाच्या वेळी ऐकू येणारी उपच्छाया. सॉफ्टबॉक्स (दिव्यापुढे पांढरं कापड लावलेली पेटी) आणि स्टुडिओतल्या छत्रीचं कामही तेच, छोट्या दिव्याला मोठं करायचं, आणि त्या जितक्या जवळ तितका प्रकाश मऊ. नवखे मात्र ‘प्रकाश फार कडक पडतोय’ म्हणून त्या लांब नेतात, म्हणजे नेमकं उलटं करतात!

दिवा जवळ आणल्यावर चेहऱ्याच्या तुलनेत मागची भिंतही काळवंडते, कारण प्रकाश अंतराच्या वर्गाने घटतो. दिव्यापासून चेहरा 1 मीटरवर आणि भिंत 2 मीटरवर असेल, तर भिंतीला चेहऱ्याच्या एक चतुर्थांश प्रकाश मिळतो. दिवा अर्धा मीटर पुढे घ्या, तो एक नवमांशावर येतो. (मोठ्या सॉफ्टबॉक्सला हे गणित ढोबळमानानेच लागू पडतं.)

रंगाचं प्रकरण वेगळं. तो केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका प्रकाश पिवळसर: मेणबत्ती सुमारे 1900 केल्विन, दुपारचं ऊन 5500 च्या आसपास. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेऱ्याने केलेली रंगाची दुरुस्ती, एका वेळी एकालाच सांभाळतो. खिडकी आणि पिवळा बल्ब एकत्र आले तर सरळ बल्ब बंद करावा.

एलईडीची अडचण याहून चिवट. स्वस्त दिव्यांत गडद लाल कमी असतो, त्वचा निस्तेज दिसते, आणि दिव्यातच नसलेला रंग व्हाइट बॅलन्सने आणता येत नाही. दिवा रंग किती खरे दाखवतो हे सांगणारा खोक्यावरचा सीआरआयचा आकडा 8 फिक्या रंगनमुन्यांची सरासरी असतो, त्यात गडद लाल येतच नाही. माणसांचे फोटो काढायचे असतील तर आर9 हा गडद लालचा आकडा वेगळा दिलाय का, ते बघून घ्या.